हेडलीची फाशी टळली कशी? अमेरिकेतल्या बचावाच्या वकिलाचं काम, सोप्या भाषेत

तहव्वूर राणाला घेऊन आलेलं विमान १० एप्रिल २०२५ रोजी दिल्लीत उतरलं आणि दोन जुने प्रश्न पुन्हा चर्चेत आले. डेव्हिड हेडलीने २६/११ च्या मुंबई हल्ल्याआधी ताज, ओबेरॉय, सीएसटी, नरिमन हाऊस फिरून पाहिलं, चित्रीकरण करून ते लष्कर-ए-तोयबाला दिलं आणि हे सगळं कोर्टात कबूलही केलं. मग अमेरिकेने त्याला फाशी का दिली नाही, आणि भारताच्या ताब्यात का दिलं नाही? आणि हेडलीचा मित्र असलेल्या राणाला तर शिकागोच्या ज्युरीने, म्हणजे निकाल देणाऱ्या बारा सामान्य नागरिकांनी, मुंबई हल्ल्याच्या आरोपातून निर्दोष सोडलं होतं. तो त्याच हल्ल्यासाठी भारताच्या हाती लागला कसा?

आपल्याकडे याचं ठरलेलं उत्तर आहे: 'अमेरिकेचं राजकारण, दुसरं काय!' त्यात तथ्य नाही असं नाही. हेडली अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा खबऱ्या होता, हे उघड आहे. पण कोर्टातला निकाल नुसत्या राजकारणाने लागत नाही, तो कागदावर आणावा लागतो. या प्रकरणात तो कागदावर आणण्यात चार वकिलांचा हात होता. हेडलीचे जॉन थाइस आणि रॉबर्ट सीडर, राणाचे पॅट्रिक ब्लेगन आणि चार्ल्स स्विफ्ट. मुंबईत ही नावं कुणाला फारशी माहीत नाहीत. त्यांचं काम नेमकं काय असतं ते कळलं, की वरच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं बऱ्यापैकी सापडतात.

शिकागोत मुंबईचा खटला का?

अमेरिकेत कोर्टांच्या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. खून, चोरी, मारामारी अशी बहुतेक प्रकरणं राज्यांच्या कोर्टात चालतात. देशाच्या संसदेने केलेले कायदे मोडले, म्हणजे दहशतवाद, शेअर बाजारातली फसवणूक, अनेक राज्यांत पसरलेला अमली पदार्थांचा धंदा, तर प्रकरण संघीय म्हणजे फेडरल कोर्टात जातं. देशभरात असे ९४ संघीय जिल्हे आहेत आणि प्रत्येक जिल्ह्याचा मुख्य सरकारी वकील राष्ट्राध्यक्ष नेमतात.

मुंबईच्या हल्ल्यात सहा अमेरिकन नागरिक मारले गेले. परदेशात अमेरिकन माणसाला मारणं हा तिथे संघीय गुन्हा आहे. हेडली आणि राणा दोघेही शिकागोचे रहिवासी. म्हणून हे प्रकरण शिकागोत.

संघीय प्रकरणात तपासयंत्रणा आरोपीला हात लावण्याआधी महिनोन्महिने काम करत असते. फोन ऐकलेले असतात, ईमेल वाचलेले असतात, बँकेचे व्यवहार तपासलेले असतात. त्यानंतर प्रकरण 'ग्रँड ज्युरी'पुढे जातं. सोळा ते तेवीस सामान्य नागरिक बंद दाराआड सरकारची बाजू ऐकतात आणि त्यांतल्या बारा जणांनी होकार दिला की आरोपपत्र दाखल होतं. बचावाच्या वकिलाला त्या खोलीत प्रवेश नसतो. त्याच्या हातात प्रकरण येतं तेव्हा समोरची बाजू कित्येक कोस पुढे गेलेली असते.

खटला चालतो तरी किती जणांचा?

वकील उभा राहतो, घणाघाती भाषण करतो, साक्षीदार घामाघूम होतो, हे चित्र विसरलेलं बरं. २०१८ या आर्थिक वर्षात अमेरिकेच्या संघीय कोर्टांत सुमारे ८० हजार आरोपींची प्रकरणं निकाली निघाली. त्यांतल्या सुमारे ९० टक्के आरोपींनी गुन्हा कबूल केला, ८ टक्क्यांच्या आसपास प्रकरणं आधीच रद्द झाली आणि जेमतेम २ टक्के खटल्यापर्यंत पोहोचली. खटला लढून निर्दोष सुटले ते ३२०. ऐंशी हजारांत तीनशे वीस.

लोक कबुली का देतात, हे समजायला शिक्षेचं तिथलं गणित बघावं लागतं. १९८७ पासून संघीय कोर्टांत शिक्षेचा एक तक्ता वापरला जातो. उभ्या बाजूला गुन्ह्याच्या गांभीर्याच्या ४३ पायऱ्या, आडव्या बाजूला आरोपीच्या पूर्वेतिहासाचे सहा वर्ग. दोन्ही जिथे मिळतात, त्या चौकटीत महिन्यांचा आकडा असतो. आपल्या वीजबिलासारखं हे आहे. आधी मूळ आकार, मग वापर वाढला की वरचा स्लॅब, त्यावर अधिभार, आणि बिल मुदतीत भरलं तर थोडी सूट. बळी जास्त असतील तर पायऱ्या वाढतात, कटाचा म्होरक्या असाल तर आणखी वाढतात. दहशतवादाचा अधिभार तर जबर आहे: एकदम १२ पायऱ्या वर, एकूण ३२ च्या खाली नाहीच, आणि पूर्वेतिहास कोरा असला तरी आरोपी थेट सहाव्या, सर्वांत वाईट वर्गात.

सूट मिळवण्याचे मुख्य मार्ग दोन. गुन्हा वेळेत कबूल केला तर दोन-तीन पायऱ्या कमी होतात. दुसरा मार्ग म्हणजे इतरांविरुद्ध भरीव सहकार्य. सहकार्य पुरेसं झालं असं सरकारी वकिलाने लेखी कळवलं, तर न्यायाधीश तक्त्याच्या कितीतरी खाली जाऊ शकतात. हा अर्ज सरकार पक्षाकडूनच यावा लागतो. ती किल्ली बचावाच्या वकिलाकडे नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा तक्ता बंधनकारक नाही असं ठरवलं, तरी आकडेमोड आजही तिथूनच सुरू होते. शिवाय संघीय तुरुंगात पॅरोल, म्हणजे शिक्षा पूर्ण होण्याआधी देखरेखीखाली सुटका, उरलेला नाही. चांगल्या वागणुकीबद्दल वर्षाला जास्तीत जास्त ५४ दिवसांची सूट मिळते.

त्यामुळे या वकिलाचा बराचसा वेळ कोर्टात नाही, टेबलाशी जातो. सरकारकडे काय पुरावा आहे, अशिलाला काय माहीत आहे, त्या माहितीची सरकारला किती गरज आहे आणि ती कधी पुढे करायची. हे काम कुणाला व्यापारासारखं वाटेल. मला तरी तसंच वाटतं, आणि ते तसं आहे असं मान्य केल्याशिवाय हेडलीचं प्रकरण कळत नाही.

हेडलीकडे देण्यासारखं काय होतं?

३ ऑक्टोबर २००९. शिकागोच्या ओहेअर विमानतळावर हेडलीला अटक झाली. त्याचं मूळ नाव दाऊद गिलानी. वडील पाकिस्तानी, आई अमेरिकन. २००६ मध्ये त्याने नाव बदललं, ते पासपोर्टवर अमेरिकन नाव असलं की भारतात कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही म्हणून. सौदा करणं त्याला नवीन नव्हतं. नव्वदच्या दशकात हेरॉइनच्या प्रकरणात सापडल्यावर खबऱ्या बनून तो पंधरा महिन्यांच्या शिक्षेवर सुटला होता.

अटकेनंतर गप्प राहण्याचा हक्क सोडून तो लगेच बोलायला लागला. बचावाच्या कुठल्याही वकिलाला विचारा, हे त्याचं दुःस्वप्न असतं. अशिलाजवळ एकच मौल्यवान गोष्ट असते, माहिती, आणि तीच तो फुकट वाटून मोकळा होतो. मग थाइस आणि सीडर यांच्या हातात उरलं काय? उरलं ते पुढचं. हेडली जे सांगत होता ते कोर्टात शपथेवर सांगायला हवं होतं. राणाविरुद्ध थेट साक्ष देणारा दुसरा कुणी नव्हता. पाकिस्तानात बसलेल्या सूत्रधारांबद्दल, साजिद मीर किंवा 'मेजर इक्बाल' यांच्याबद्दल, आतून सांगू शकेल असा माणूसही सरकारजवळ दुसरा नव्हता. आणि भारत त्याची चौकशी करायला दारात उभा होता.

दुसऱ्या बाजूला फाशी होती. ज्या गुन्ह्यांत अमेरिकन नागरिकांचा मृत्यू झाला, त्यांत मृत्युदंड मागता येत होता. तो मागायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार देशाच्या ॲटर्नी जनरलचा, म्हणजे केंद्रीय कायदेमंत्री आणि मुख्य सरकारी वकील या दोन्ही भूमिकांत असलेल्या माणसाचा.

१८ मार्च २०१० रोजी हेडलीने बाराच्या बारा आरोप कबूल केले. कबुलीचा करार सार्वजनिक कागदपत्र आहे आणि त्यात दोन्ही बाजूंनी काय दिलं ते स्पष्ट आहे. हेडली सगळं खरं सांगेल, अमेरिकेतल्या खटल्यात साक्ष देईल, आणि परदेशी न्यायालयांसाठी अमेरिकेतूनच जबानी किंवा व्हिडिओ कॉन्फरन्सद्वारे साक्ष देईल. बदल्यात सरकार मृत्युदंड मागणार नाही, आणि कबूल केलेल्या गुन्ह्यांसाठी त्याला भारत, पाकिस्तान किंवा डेन्मार्क यांपैकी कुणाकडेही प्रत्यार्पित केलं जाणार नाही.

या दुसऱ्या अटीने मुंबईला सर्वांत जास्त चटका लावला. पण वकिलाच्या जागी बसून पाहिलं तर पहिली अट दुसरीशिवाय निरुपयोगी होती. अमेरिकेने फाशी मागितली नाही आणि मग माणूस मुंबईला पाठवला, तर फाशी टळली असं म्हणता येणार नाही. ती फक्त ऑर्थर रोड किंवा येरवड्याला हलली असती. चांगल्या वकिलाने तेवढंच केलं: दरवाजा बंद करताना मागचं दारही बंद केलं.

भारताला यातून काहीच मिळालं नाही असं नाही. जून २०१० मध्ये एनआयएच्या पथकाने शिकागोत जाऊन त्याची कित्येक तास चौकशी केली. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्याला माफीचा साक्षीदार केलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यायाधीश जी. ए. सानप यांच्यापुढे, विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांच्या प्रश्नांना उत्तरं देत, त्याने व्हिडिओवरून साक्ष दिली. मार्चमध्ये, त्या खटल्यातला आरोपी अबू जुंदाल याच्या वकिलांनी त्याची उलटतपासणीही घेतली. त्यात नवं किती आणि आधीच माहीत असलेलं किती, यावर वाद घालता येईल. पण पडद्यावर तो चेहरा दिसला तो करारातल्या त्या ओळीमुळे.

२४ जानेवारी २०१३ रोजी न्यायाधीश हॅरी लाइनेनवेबर यांनी हेडलीला ३५ वर्षांची शिक्षा दिली. आपण बदललो आहोत या हेडलीच्या म्हणण्यावर आपला विश्वास नाही, असं त्यांनी भर कोर्टात सांगितलं. तक्त्याप्रमाणे आकडा जन्मठेपेचा येत होता. तो खाली आणण्याची विनंती केली होती सरकारी वकिलांनीच, कारण करारातला त्यांचा शब्द त्यांना पाळायचा होता.

राणाने कबुली का दिली नाही?

राणा हा हेडलीचा हसन अब्दालच्या कॅडेट कॉलेजातला शाळूसोबती. पाकिस्तानी लष्करात डॉक्टर होता, नंतर कॅनडाचा नागरिक झाला आणि शिकागोत स्थलांतराची कामं करून देणारी संस्था चालवत होता. त्या संस्थेचं एक कार्यालय मुंबईत, ताडदेवला उघडलं गेलं आणि त्याच नावाखाली हेडली शहरात वावरला. सरकारचं म्हणणं असं की राणाला सगळं माहीत होतं. बचावाचं म्हणणं असं की हेडलीने आयुष्यभर ज्यांना फसवलं त्या यादीत राणाचंही नाव आहे.

२०११ च्या मे महिन्यात खटला सुरू झाला. इथे वकिलाचं काम हेडलीच्या वकिलांच्या अगदी उलट होतं. हेडलीच्या बाजूने जो करार कमाईचा होता, तोच राणाच्या वकिलांसाठी हत्यार ठरला. पाच दिवस साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बसलेल्या हेडलीची उलटतपासणी चार्ल्स स्विफ्टने घेतली. प्रश्नांचा रोख एकच: हा माणूस अमली पदार्थांच्या प्रकरणात मित्रांना विकून सुटला, खबरी देता देता लष्कर-ए-तोयबाच्या छावणीत गेला, आता फाशी टाळण्यासाठी बोलतो आहे, याच्या शब्दावर तुम्ही आणखी एकाला तुरुंगात टाकणार का? राणा स्वतः साक्षीला उभाच राहिला नाही. तो त्याचा हक्क आहे, आणि तो वापरला म्हणून ज्युरीने त्याच्याविरुद्ध काही गृहीत धरायचं नसतं.

९ जूनला ज्युरीचा निकाल आला. लष्कर-ए-तोयबाला साहाय्य पुरवल्याबद्दल दोषी. मोहम्मद पैगंबरांची व्यंगचित्रं छापणाऱ्या डेन्मार्कच्या वृत्तपत्रावर हल्ला करण्याच्या कटात दोषी. मुंबई हल्ल्याच्या कटात निर्दोष.

इथे 'साहाय्य पुरवणं' याचा अर्थ सांगायला हवा. या कायद्यात पैसा, माणसं, कागदपत्रं, राहायची जागा, बनावट ओळख, सगळं येतं. मात्र मदत कशासाठी जाते आहे हे माहीत होतं, हे सरकारने सिद्ध करावं लागतं, तेही वाजवी शंकेला जागा न ठेवता. तीन आरोपांवर तीन वेगळे निर्णय येऊ शकतात ते यामुळे. ज्युरी कारणं देत नाही, त्यामुळे बारा जणांना मुंबईच्या बाबतीत नेमकी कुठे शंका वाटली ते ठामपणे सांगता येत नाही.

आपल्याकडे ज्युरी म्हटलं की १९५९ चं नानावटी प्रकरण आठवतं. तिथे ज्युरीने आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही आणि त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवलं. अमेरिकेत असं करता येत नाही. ज्युरीने निर्दोष म्हटलं की सरकारला अपीलच नाही. न्यायाधीश लाइनेनवेबर यांना काय वाटलं हा मुद्दाच उरत नाही. जानेवारी २०१३ मध्ये राणाला उरलेल्या दोन आरोपांसाठी १४ वर्षांची शिक्षा झाली.

असल्या माणसाला वाचवायचंच कशाला?

हा प्रश्न अमेरिकेतही विचारला जातो, आणि आपल्याकडे तर त्याची किंमत मोजली गेली आहे. कसाबचं वकीलपत्र घ्यायला मुंबईत वकील पुढे येत नव्हते. २००९ मध्ये न्यायालयाने अंजली वाघमारे यांची नेमणूक केली तेव्हा त्यांच्या घरासमोर निदर्शनं झाली. याच खटल्यातल्या फहीम अन्सारीचे वकील शाहीद आझमी यांची ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातल्या त्यांच्या कार्यालयात गोळ्या घालून हत्या झाली. तीन महिन्यांनी सत्र न्यायालयाने फहीम अन्सारीला पुराव्याअभावी निर्दोष सोडलं आणि तो निकाल सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकला. बचावाचा वकील नसता तर एका निरपराध माणसालाही कसाबसोबत बांधलं गेलं असतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं, की अमक्या आरोपीचं वकीलपत्र घेऊ नका असे वकील संघटनांचे ठराव बेकायदेशीर आहेत.

अमेरिकेत याच कामात आयुष्य घालवलेली जुडी क्लार्क ही वकील बघा. टपालाने बॉम्ब पाठवून तिघांना मारणारा टेड कॅझिन्स्की, अटलांटा ऑलिम्पिकमध्ये स्फोट घडवणारा एरिक रुडॉल्फ, ॲरिझोनात खासदारावर गोळ्या झाडणारा जेरेड लाफनर: तिघेही तिचे अशील, तिघांनाही जन्मठेप. एकही सुटला नाही, आणि ती कुणाला सोडवायला उभीही नव्हती. फाशी टाळणं एवढंच तिचं ध्येय होतं. बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्ब ठेवणाऱ्या झोखार त्सारनाएवच्या खटल्यात तर मार्च २०१५ मध्ये तिने पहिल्याच भाषणात ज्युरीला सांगून टाकलं की हे त्यानेच केलं. जे नाकारता येत नाही ते नाकारून ज्युरीचा विश्वास गमवायचा नाही, तो शिक्षेच्या टप्प्यासाठी जपून ठेवायचा, असा तो हिशेब होता. संघीय कायद्यात मृत्युदंडासाठी बाराच्या बारा ज्युरींचं एकमत लागतं; एक जण अडला की फाशी नाही. बॉस्टनमध्ये एकही अडला नाही. तिथे क्लार्क हरली, आणि त्या शिक्षेवरची कोर्टबाजी पुढे वर्षानुवर्षं चालू राहिली.

कॅझिन्स्कीचं प्रकरण आणखी अवघड होतं. तो मनोरुग्ण आहे असं दाखवून त्याचा जीव वाचवावा असं वकिलांना वाटत होतं. त्याला मात्र वेडा म्हणवून घेण्यापेक्षा स्वतःच स्वतःची बाजू मांडायची होती. अशिलाचा जीव वाचवायचा की त्याचं म्हणणं ऐकायचं? शेवटी जानेवारी १९९८ मध्ये कबुली आणि जन्मठेप यावर प्रकरण मिटलं. माझ्या मते या पेशातला सर्वांत कठीण प्रसंग हाच, सरकारशी नाही तर अशिलाशी झगडण्याचा.

म्हणजे हे वकील खोटं बोलतात का?

नाही, निदान नियमाने तरी नाही. अशिलाने खासगीत काही कबूल केलं तर वकिलाने ते बाहेर सांगायचं नसतं. पण अशील साक्षीत खोटं बोलणार हे माहीत असताना त्याला पिंजऱ्यात उभं करता येत नाही. हे १९८६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही उचलून धरलं. सरकारचा पुरावा कच्चा आहे असं म्हणणं आणि माझ्या अशिलाने हे केलंच नाही असं म्हणणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगला वकील पहिलं वाक्य म्हणतो.

रेषा ओलांडली तर वकीलही आत जातो. न्यूयॉर्कच्या लिन स्टुअर्टने दहशतवादाच्या प्रकरणात तुरुंगात असलेला तिचा अशील शेख उमर अब्देल रहमान याचा निरोप बाहेर पोहोचवला. दहशतवादाच्या कैद्यांवर बाहेरच्या जगाशी संपर्काचे कडक निर्बंध असतात आणि ते पाळू असं वकिलाला लिहून द्यावं लागतं. २००५ मध्ये ती दोषी ठरली. आधी २८ महिन्यांची शिक्षा झाली, अपिलानंतर ती दहा वर्षांवर गेली.

पैसे कोण देतं, आणि वकील या कामात येतो कसा?

१९६३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गंभीर गुन्ह्यातल्या गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळालाच पाहिजे असं ठरवलं. पुढच्याच वर्षी संघीय कोर्टांसाठी त्याचा कायदा झाला. १९७० पासून बऱ्याच जिल्ह्यांत पगारी 'फेडरल डिफेंडर' कार्यालयं आली. क्लार्कची सुरुवात तशाच कार्यालयात झाली. ही कार्यालयं म्हणजे गरिबासाठी दिलेला कामचलाऊ वकील असं समजायचं कारण नाही. तक्त्यातली एकेक पायरी पाठ असलेली माणसं तिथे असतात. याउलट बड्या उद्योगपतींची प्रकरणं घेणारे खासगी वकील बहुतेकदा आधी सरकारी वकील होते. काही वर्षं सरकारकडून खटले लढायचे, मग पलीकडच्या टेबलाला बसायचं. आपल्याला हे विचित्र वाटेल, पण अशील त्याच अनुभवाचे पैसे देतो.

स्विफ्टची वाट तिसरीच. तो अमेरिकी नौदलातला वकील. २००३ मध्ये ग्वांतानामो या अमेरिकी लष्करी तुरुंगातल्या कैद्यांपैकी सलीम हमदान, ओसामा बिन लादेनचा ड्रायव्हर, याचा बचाव त्याच्याकडे सोपवला गेला. वरच्यांची अपेक्षा कबुलीची बोलणी करण्याची होती. स्विफ्टने सरकारवरच दावा लावला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला. या कैद्यांवर खटले चालवण्यासाठी राष्ट्राध्यक्षांनी उभारलेले लष्करी आयोग बेकायदा ठरले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याला बढती नाकारल्याचं कळलं आणि नौदल सोडावं लागलं. राणाचं वकीलपत्र घेईपर्यंत असल्या अशिलांचं ओझं काय असतं ते त्याला पुरेपूर माहीत होतं.

सरकार प्रामाणिक असेल तर एवढी उठाठेव कशाला?

त्याचं उत्तर टेड स्टीव्हन्स. अलास्काचे सिनेटर, चाळीस वर्षं पदावर. घराच्या दुरुस्तीत एका कंत्राटदार कंपनीकडून मिळालेला फायदा जाहीर केला नाही म्हणून २००८ च्या ऑक्टोबरमध्ये दोषी ठरले आणि आठवडाभरात झालेली निवडणूक थोडक्यात हरले. त्यांचे वकील ब्रेंडन सलिव्हन. १९८७ मध्ये इराण-काँट्रा या शस्त्रविक्रीच्या घोटाळ्याच्या संसदीय चौकशीत, हरकती वकिलाने नाही तर साक्षीदाराने घ्याव्यात असं सांगितल्यावर, 'मी काही कुंडीतलं झाड नाही' असं सिनेटरला सुनावणारे तेच हे गृहस्थ. निकालानंतरही त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. तेवढ्यात एफबीआयच्याच एका अधिकाऱ्याने तक्रार केली, आणि मुख्य साक्षीदाराने आधीच्या चौकशीत वेगळंच सांगितल्याच्या नोंदी सरकारी वकिलांनी दडवल्याचं उघड झालं. आरोपीला फायद्याचा पुरावा सरकारने त्याला द्यायचाच असतो, हा १९६३ पासूनचा नियम आहे. एप्रिल २००९ मध्ये सरकारने स्वतःच खटला मागे घेण्याची विनंती केली आणि न्यायाधीशांनी तो रद्द केला. एवढा बडा माणूस, एवढा महागडा वकील, तरी सत्य बाहेर यायला निवडणूक हातची गेली.

मग राणा भारतात आला कसा?

एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नाही, हे तत्त्व भारत-अमेरिका प्रत्यार्पण करारातही आहे. जून २०२० मध्ये कोविडच्या काळात प्रकृतीच्या कारणावरून राणाची सुटका झाली आणि भारताच्या विनंतीवरून त्याला लॉस एंजेलिसमध्ये पुन्हा अटक झाली. वकिलांचा युक्तिवाद सरळ होता: मुंबईच्या आरोपातून शिकागोने सोडलं आहे, आता त्याच घटनेसाठी भारत मागू शकत नाही.

सरकारचं उत्तर असं, की 'एकच गुन्हा' म्हणजे एकच घटना नव्हे. त्या गुन्ह्यात कायद्याने काय काय सिद्ध करावं लागतं ते बघायचं. भारताने लावलेल्या कलमांत देशाविरुद्ध युद्ध पुकारणं आहे, खून आहे, फसवणुकीच्या हेतूने केलेले बनावट दस्तऐवज आहेत. शिकागोच्या आरोपांचे घटक वेगळे होते. मे २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीशांनी हे मान्य केलं, ऑगस्ट २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तेच उचलून धरलं, आणि २१ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

यात राणाच्या वकिलांनी एक चतुर मुद्दा मांडला होता. हेडलीच्या करारातलं तेच कलम त्यांनी पुढे केलं: अमेरिकी सरकारने तिथे प्रत्यार्पण होणार नाही असं लिहून दिलं, म्हणजे एकाच घटनेसाठी पुन्हा खटला चालत नाही हा सरकारचाच अर्थ आहे. अपील न्यायालयाला ते पटलं नाही. हेडलीने कबुली आणि साक्ष देऊन ती हमी मिळवली होती. राणाने कबुली दिली नव्हती, त्यामुळे तशी हमी त्याच्याजवळ कधी नव्हतीच. मुंबईच्या आरोपातून जो सुटला तो दिल्लीत एनआयएच्या कोठडीत पोहोचला, आणि ज्याने सगळं कबूल केलं तो अमेरिकेतच राहिला. ३५ वर्षांतून चांगल्या वागणुकीची सूट वजा केली तर हेडलीची सुटका २०३९ च्या सुमारास येते. तोपर्यंत भारतातल्या कुठल्याही न्यायालयाला त्याची साक्ष हवी असेल तर ती अमेरिकेतूनच, व्हिडिओवर घ्यावी लागेल. राणाला मात्र दिल्लीत पहिल्याच दिवशी न्यायालयापुढे उभं केलं तेव्हा विधी सेवा प्राधिकरणाने वकील दिला होता.